कुकरशेजारचा संडास

ये मालू, अशी जवळ बस बघू. म्हणजे हा कागद हातात घे आणि मी शेजारी बसले आहे असं समज. आधी तुला जरा रागवून घेते. मी जर्मनीहून आले, आणि तू भेटायला आलीस ती उभ्याउभ्या. चहा ठेवते म्हटलं तर "चहा नको, पाणीही नको" म्हणालीस आणि निघालीस. मंडळाच्या सहलीतून नाव काढून घेतलंस. का, तर म्हणे गुडघे. अगं, त्याच गुडघ्यांनी तू परवा गच्चीवर पापड वाळत घालत होतीस, मी पाहिलंय.

मंडळाच्या अंकासाठी प्रवासवर्णन लिहा म्हणून सगळ्या मागे लागल्यात. नदी, द्राक्षांचे डोंगर, जुने वाडे असं काही त्यांना हवं असणार. तेही येईल थोडं. पण खरं लिहायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते लिहिताना अजून कानांच्या पाळ्या तापतात. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. लिहिते आहे मात्र तुला.

नेकारसुल्म

निखिल, माझा मुलगा, नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गाव छोटं, नेकार नदीच्या काठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या टेकडीवर द्राक्षांच्या ओळी दिसतात, अगदी फणीने भांग पाडल्यासारख्या. सून ऋजुता पुण्याची, तीही नोकरी करते. नात अन्वी नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. समजतं तिला सगळं. हे पुढे माझ्या अंगाशी आलं.

तिकडे सुट्टी लागली की लोक घरच पाठीशी बांधून निघतात. मोटारीला मागे चाकांची खोली जोडायची, वोनवागेन म्हणतात त्याला. आत पलंग, टेबल, शेगडी, बेसिन सगळं. तळ्याकाठी जाऊन उभी करायची आणि राहायचं. निखिलच्या डोक्यात आधी अमेरिकेतली प्रचंड गाडी होती. ती मालट्रकसारख्या मोटारीच्या पाठीवर चढवून जोडतात, आत सोफा काय, दोन न्हाण्या काय. रोज जेवताना त्याचे व्हिडिओ बघायचा. ऋजुता म्हणाली, "अरे, ती आपल्या गल्लीत वळली तर समोरच्यांचं स्वयंपाकघर घेऊनच जाईल." शिवाय त्याचा परवाना तेवढ्या वजनाला चालत नाही, आणि खिसाही नाही. मग ठरलं की जुनी, साधी, चौघांची गाडी बघायची. मी आलेच होते, तर मीही बरोबर.

पहिली पाहिली ती हायलब्रॉनच्या पुढे एका दुकानदाराच्या आवारात. बाहेरून पांढरीशुभ्र, आत लिंबाचा सुगंध. निखिल हरखला. मला मात्र त्या लिंबाच्या मागे दुसराच वास आला, आपल्या मोरीमागच्या भिंतीला श्रावणात येतो ना, तो. मी सरळ पडदा बाजूला केला आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. भिंत पुरणासारखी आत गेली. दुकानदार छताकडे बघायला लागला.

"आई, तू नसतीस तर मी आज ही घेतली असती," निखिल गाडीत बसताना म्हणाला.

मालू, माणसाला असं कुणी म्हणू नये. मी एकदम तज्ज्ञ झाले. घरी येईपर्यंत मला वोनवागेनमधलं सगळं कळायला लागलं होतं. आणि त्या दिवसापासून माझ्या शब्दाला त्या घरात वजन आलं. ते कुठे टाकायचं, हे मला कळलं नाही.

फ्राऊ वेबरचं अंगण

दुसरी गाडी एका खेड्यात होती, फ्राऊ वेबर नावाच्या बाईंच्या अंगणात. माझ्याच वयाच्या, पांढरे केस बारीक कापलेले, हातात बागकामाचे मोजे. नवरा वारलेला. दोघांचं या गाडीतून खूप भटकून झालेलं, आता एकटीने ओढवत नाही म्हणून विकायची. पडदे त्यांनी स्वतः शिवलेले, निळ्या चौकटीचे. डबे ठेवायच्या फळीला बारीक कठडा, तो नवऱ्याने केलेला, वळणावर डबे पडू नयेत म्हणून. ओल शोधायला मी सगळे कोपरे दाबले. एकदाही अंगठा आत गेला नाही.

ऋजुता बाकावर बसली आणि तिचा चेहरा बघूनच कळलं की हिला हीच हवी. ती म्हणालीसुद्धा, "आई, मला ही फार आवडलीय. बघा ना, सगळं आतच आहे."

मग फ्राऊ वेबरनी अभिमानाने शेगडीशेजारचं अरुंद दार उघडलं. आत संडास. खाली एक डबा असतो, तो बाहेरच्या झडपेतून ओढून काढायचा आणि नेऊन रिकामा करायचा. त्या माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. ऋजुताने सांगितलं, "त्या म्हणतायत, आपल्या वयाला हे फार बरं पडतं."

आपल्या वयाला, हे मला झोंबलं. का झोंबलं ते तुला सांगते. गेली दोन-तीन वर्षं मला शिंक आली, जोरात हसले, किंवा दारात किल्ली शोधायला वेळ लागला, की धीर सुटतो, कपडे ओले होतात. घराबाहेर पडायचं म्हटलं की मी सकाळपासून पाणी बंद करते. पिशवीत तळाला जुन्या साडीच्या घड्या असतात. हे मी मुलाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, तुला सांगितलं नव्हतं. आणि इथे एक परकी बाई चार माणसांत म्हणते, आपल्या वयाला.

मी नाकाला पदर लावला. म्हणजे ओढणी, तिकडे मी पंजाबी ड्रेसच घालायचे. आणि म्हणाले, "शी! कुकरच्या पाठीला संडास? या गाडीत मी पाणीसुद्धा पिणार नाही. देवाचा फोटो कुठे ठेवायचा, त्या दारावर?"

फ्राऊ वेबरनी विचारलं, काय म्हणाल्या? ऋजुता काहीतरी गोड भाषांतर जुळवत होती, तेवढ्यात अन्वी बोलून मोकळी झाली. तिने अगदी सरळ, शाळेत उत्तर द्यावं तसं जर्मनमध्ये सांगून टाकलं: आजीला हे घाणेरडं वाटतं, ती इथे पाणी पण पिणार नाही.

त्या बाईंनी ते अरुंद दार हळूच लावून घेतलं. पडद्याची चुणी विस्कटलेली नसतानाही सारखी केली. आमच्यासाठी अंगणातल्या टेबलावर प्लमचा केक कापून ठेवला होता, त्याच्यावरची जाळी काढायला त्यांचा हात गेला होता, तो मागे आला. आम्ही केक न खाता निघालो.

मोटारीत बसलो. मग ऋजुताने हळूच विचारलं, "आई, पण अडीअडचणीला लागलं तर?" मी म्हटलं, "आम्ही टमरेल घेऊन शेतात जाणारी माणसं, मला काय होतंय." निखिल हसला. म्हणाला, आईला पटत नसेल तर नको. ऋजुता खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसरी गाडी मग माझ्याच पसंतीची. संडासाच्या जागी त्यात कपाट होतं. त्यात मी वरच्या फळीवर गणपतीचा छोटा फोटो आणि खाली लोणच्याची बरणी मनातल्या मनात मांडूनही टाकली. दुकानदार म्हणाला, आधी भाड्याने घेऊन चार दिवस राहून बघा, आवडली तर ठेवा. तिथे हे बरं असतं.

तळ्याकाठी

बोडनझे म्हणून मोठं सरोवर आहे, त्याच्या अलीकडे एका लहान तळ्याकाठी आम्ही गेलो. वाटेत सफरचंदांच्या बागा. झाडं माणसाएवढीच, हात लांब केला की फळ हाताशी, पण कुणी हात लावत नाही. कुंपण नाही, राखणदार नाही. मला सारखं वाटत होतं की आपल्याकडे एक तरी पोरगं झाडावर दिसलं असतं.

गाडी जागेवर लावताना गंमत झाली. मागे जोडलेली खोली उलटी वळते म्हणे, स्टिअरिंग डावीकडे तर ती उजवीकडे. निखिलने तिला तीनदा कडेच्या झुडपांच्या कुंपणात घातली. शेजारी हॉलंडचे आजोबा-आजी उतरले होते. आजोबा न बोलावता आले, हातात पाणसळ, आपला गवंडी वापरतो तीच. चाकाखाली लाकडाच्या पाचरी सरकवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी निखिलला सोडलं नाही. मग टोपीला हात लावून परत आपल्या खुर्चीत. तिकडची मदत ही अशी, बोलणं कमी.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते सकाळचं. मी दारात चहा घेऊन बसले होते (अर्धाच कप, तू ओळखलंच असशील). समोरच्या वाटेने एकामागून एक पुरुष येत होते. चांगले शिकलेले, चष्मेवाले. प्रत्येकाच्या हातात चाकं लावलेला एक चपटा डबा, विमानतळावर बॅग ओढावी तसा ओढत. एकमेकांना "मॉर्गन, मॉर्गन" (सकाळचा नमस्कार) करत, हवेबद्दल बोलत. मी निखिलला विचारलं, हे सगळे निघाले कुठे? तो म्हणाला, "आई, ते घरचा संडास रिकामा करायला निघालेत."

मी इतकी हसले की ओढणी तोंडात कोंबावी लागली. आणि हसता हसता घाबरले, आणि उठून आत गेले. आतही सोय नव्हतीच. तिथून सार्वजनिक न्हाणीघर चांगलं लांब, खडीच्या वाटेने. त्याचं दार एका बिल्ल्याने उघडतं. बिल्ला आम्हाला एकच मिळालेला, तो ऋजुताच्या गळ्यात. दर वेळी तिच्याकडे मागायचा म्हणजे दर वेळी सांगायचं. मी पाणी आणखी कमी केलं. डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, हवा मानवत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलंडच्या आजी मोठा जग घेऊन आल्या, जवळच्या शेतावर काढलेला सफरचंदाचा रस. आदल्या संध्याकाळी मी त्यांना थालीपीठ दिलं होतं, त्याची परतफेड. समोर बसून राहिल्या, मी प्यायले की पुन्हा भरायच्या. थंडगार, आंबटगोड. घसा इतका सुकला होता मालू, की दोन पेले कधी गेले कळलंच नाही.

दुपारी तिथे शांततेची वेळ असते. मोटार चालवायची नाही, मुलांनी ओरडायचं नाही. सगळे आपापल्या तंबूच्या पडवीत पुस्तक घेऊन बसतात. निखिल आणि अन्वी तळ्यावर पोहायला गेलेले. ऋजुता पाणी भरायला गेलेली, बिल्ला तिच्याकडे. तेव्हाच मला लागली.

मी निघाले. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोक बसलेले, मी प्रत्येकाला मान लववत चाललेली. पाय भरभर टाकावे तर भीती, हळू टाकावे तर भीती. दारापर्यंत पोचले. दार बंद. आत कुणी असेल म्हणून काचेवर थाप मारली. दार ओढलं. आणि तिथे, त्या स्वच्छ दारासमोर, भर उजेडात, मला झालं. थोडं नाही. सगळं.

फिकट पिवळा ड्रेस होता माझा. मी भिंतीकडे पाठ करून उभी राहिले. समोरच्या पडवीत एका माणसाने पुस्तकातून मान वर केली. वाटेच्या टोकाला निखिल आणि अन्वी ओल्या केसांनी येताना दिसले. मला वाटलं, इथे नुसती जमीन असावी आणि मी नसावं.

तेवढ्यात बाजूच्या नळाकडून ऋजुता आली. तिकडे पाणी भरायला झाडांना घालायची झारी वापरतात, तीच हातात, काठोकाठ भरलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग चार पावलं भरभर आली आणि ती अख्खी झारी माझ्या कमरेवर ओतली. झारी खडीवर टाकली. आवाज झाला तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

"अहो आई, सॉरी!" ती मोठ्याने म्हणाली. "माझा पाय घसरला. पूर्ण भिजवलं मी तुम्हाला."

निखिल धावत आला. मला निथळताना बघून त्याचं डोकं फिरलं. "ऋजुता, लक्ष कुठे असतं तुझं? आईला आता सर्दी झाली म्हणजे? एक झारी नीट धरता येत नाही का?"

"सॉरी, चुकलं माझं," ती म्हणाली आणि माझ्याभोवती टॉवेल गुंडाळला.

आणि मी गप्प बसले.

मालू, झालं त्याची लाज वाटते, पण ते शरीर आहे, वय आहे. मी गप्प बसले त्याची लाज मात्र अजून जात नाही. संध्याकाळी निखिल पुन्हा म्हणाला, आतापासून पाण्याची जबाबदारी माझी, कुणाचा भरवसा नाही. अन्वी हसली. ऋजुताही हसली, आणि मला आलं घातलेला चहा दिला. माझा ड्रेस तिने कधी धुतला, कधी दोरीवर टाकला, मला दिसलं नाही. मी पांघरुणात बसून तो चहा प्यायले, आणि तोंडातून "अरे, तिची चूक नाही" एवढे शब्द बाहेर काढले नाहीत. मला माझी अब्रू हवी होती आणि ती तिच्या खर्चाने मिळत होती.

सकाळी भांडी घासायला मी तिच्याबरोबर गेले. तिथे भांड्यांसाठी वेगळी खोली, लांबलचक ओटा. आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मी ताटली पुसत म्हटलं, "तुझा पाय घसरला नव्हता."

ती म्हणाली, "नव्हता."

"तुला कळलं होतं?"

"तुम्ही आलात त्याच आठवड्यात. बाहेर निघताना तुम्ही पाणी पीत नाही. माझ्या आईचंही हेच होतं." तिने वाटी दोनदा विसळली. "म्हणून तर फ्राऊ वेबरची गाडी मला हवी होती. तुम्हाला कसं सांगणार? मला वाटलं, मला आवडली असं म्हटलं की घेऊ आपण, आणि तुम्हाला सांगावंच लागणार नाही."

 मी तिथे उभी राहून नाक मुरडलं होतं, आणि ही माझ्यासाठी भांडत होती, तेही माझं नाव न घेता.

परत आलो. निखिल पाचरी काढत वाकला होता. अन्वीही तिथेच. मी विचार केला असता तर बोललेच नसते, म्हणून चालता चालताच बोलले. "निखिल, काल ऋजुताचा पाय घसरला नाही. मला कपड्यात झालं होतं. ते लोकांना दिसू नये म्हणून तिने पाणी ओतलं. तू तिला बोललास आणि मी ऐकत बसले."

तो वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला, पण माझ्याकडे बघेना, ऋजुताकडेही बघेना. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, आई?" आणि मग ऋजुताच्या हातातलं भांड्यांचा टब काढून घेतला आणि तो कुठे ठेवायचा ते न सुचून हातात धरूनच उभा राहिला.

परत त्याच अंगणात

कपाटवाली गाडी परत केली. निखिलने फ्राऊ वेबरना फोन केला. गाडी अजून होती. पण त्या म्हणाल्या, आजींनी स्वतः यावं.

मी गेले. वाटेत ऋजुताकडून एक वाक्य शिकून पाठ केलं होतं, माफीचं. अंगणात उतरले आणि अर्धं विसरले. जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. फ्राऊ वेबर हसल्या नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत. त्या गाडीत चढल्या, अरुंद दार उघडलं आणि मला बोटाने आत जा म्हणून खुणावलं. ऋजुता म्हणाली, "त्या म्हणतायत, बसून बघा. उठताना गुडघे दुखतात का ते सांगा."

सगळे बाहेर उभे, आणि मी आत, दार लावून, कपडे सावरून, त्या झाकणावर बसलेली. भिंतीला एक लाकडी मूठ होती, हाताने तासून गुळगुळीत केलेली, बरोबर माझ्या हाताशी येणारी. नवऱ्याने बायकोला उठायला सोपं जावं म्हणून बसवलेली. या जागेला मी शी म्हटलं होतं. मला लगेच बाहेर येववेना.

बाहेर आले आणि म्हणाले, "गूट," म्हणजे छान. मग त्यांनी मला डबा कसा ओढायचा, कसा धुवायचा, औषध किती घालायचं ते सगळं करायला लावलं, दोनदा. दुसऱ्यांदा नीट झालं तेव्हा मान हलवली. आणि घरातून पाण्याचा पेला आणून माझ्यासमोर धरला.  मी गाडीच्या पायरीवर, त्या अरुंद दाराकडे तोंड करून, पूर्ण प्यायले.

त्या गाडीतून आम्ही नंतर एकदाच गेलो, माझ्या परतीआधी, त्याच तळ्यावर. गणपतीचा फोटो बाकावरच्या फळीवर ठेवला, कठड्याच्या आत. सकाळी निखिल उठला, झडप उघडली, डबा काढला आणि चाकांवर ओढत निघाला. मी पडद्याआडून बघत होते. त्या डब्यात माझं होतं, आणि तो माझा मुलगा, इंजिनिअर. मी डोळे मिटून घेतले. मग खडीवर त्याचा आवाज ऐकू आला, समोरून येणाऱ्या कुणाला तरी, अगदी सहज: "मॉर्गन." आणि पलीकडून "मॉर्गन."

आता गाडी तिकडे त्यांच्या दारात उभी आहे आणि मी इथे. डॉक्टरांकडे जाऊन आले. काही व्यायाम आहेत, ते खुर्चीत बसूनही करता येतात, तुला दाखवीन. सहलीच्या बसचंही मी बोलून ठेवलं आहे, वाटेत कुठे कुठे थांबायचं ते.

तू मात्र ये मालू. या शुक्रवारीच ये, चपला काढून ये, बसायला ये. मागचं दार उघडंच ठेवते, न्हाणीकडे अंगणातून सरळ जाता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. आणि आलीस की आधी तांब्याभर पाणी पी.